लोणचे कशाने टिकते? – मसाल्यांचे बळ आणि त्याची मर्यादा

चैत्र सरत आला की कैऱ्या उतरू लागतात, पाठोपाठ रातांबे पिकतात, अंगणात मिरच्या वाळत पडतात. आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी घरोघरी बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या जातात. शेतकऱ्याच्या घरी लोणचे ही केवळ जिभेची चैन नव्हे. पावसाळ्यात भाजी मिळत नाही त्या दिवसांत तेच भाकरीबरोबरचे तोंडीलावणे असते. शिवाय आपल्या कित्येक भगिनी बचत गटातून लोणची, आगळ, चटण्या करून विकतात आणि त्यातून मुलांच्या शाळेचा खर्च भागवतात. अशा घरात पाच किलोंची बरणी बुरसली तर नुकसान केवळ कैऱ्यांचे होत नाही. तेल, मसाला, श्रम आणि गिऱ्हाइकाचा विश्वास हे सारेच जाते.

बरणी बिघडू नये म्हणून काय करता, असे विचारले तर बहुतेक जणी सांगतील, "हळद, हिंग, मोहरी भरपूर घालतो." हे खरे आहे, पण अर्धेच. डॉक्टर मीठ कमी खावयास सांगतात, म्हणून काही घरांत लोणच्यातलेच मीठ निम्मे केले जाते आणि "हळद-हिंग आहे ना, टिकेल" अशी मनाची समजूत घातली जाते. ही समजूत धोक्याची आहे. म्हणून मसाल्यांचे बळ कशात आहे आणि ते कोठे संपते, हे आज आपण नीट समजून घेऊ.

बिघडवणारे कोण?

खाद्यपदार्थ बिघडवणारे सूक्ष्मजीव मुख्यतः तीन प्रकारचे. पहिले जंतू (बॅक्टेरिया). यांच्यामुळे पदार्थ नासतो, त्याला घाण वास येतो, आणि काही वेळा वास न येताही तो विषारी होतो. दुसरे यीस्ट, यांच्यामुळे सरबत फसफसते, बरणीचे झाकण उडते, लोणच्याच्या खारावर पांढरी साय धरते. तिसरी बुरशी, ती हवा लागते तेथे, म्हणजे वरच्या थरावर व झाकणाच्या कडेला वाढते.

या तिघांनाही जगण्यासाठी पाणी हवे. जंतूंना फार आंबट जागा मानवत नाही. बुरशी व यीस्ट मात्र आंबटात आणि साखरेतही तग धरतात. बुरशीला हवा लागते. पण काही जंतू असे आहेत की त्यांना हवा नसलेली जागाच आवडते. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सर्व सोपे जाईल.

वनस्पतींची स्वतःची शस्त्रे

झाडाला पाय नाहीत. किडा आला, बुरशी आली, तर ते पळून जाऊ शकत नाही. म्हणून निसर्गाने त्याच्या बियांत, सालीत, कांद्यात संरक्षणाची द्रव्ये ठेवली आहेत. आपण ज्याला मसाल्याचा वास किंवा झणका म्हणतो तो बहुतेक वेळा याच द्रव्यांचा असतो.

मोहरी : मोहरीचा अख्खा दाणा हुंगला तर वास येत नाही. पण पाणी घालून ती फेसली की नाकात चढते. असे का? दाण्यात एक द्रव्य व त्याला फोडणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा चिरडला आणि ओलावा मिळाला की दोघांची गाठ पडते व तिखट, उडून जाणारे तेल तयार होते. ते बुरशी व यीस्ट यांना चांगलेच मारक आहे, आणि वाफेच्या रूपाने बरणीच्या रिकाम्या भागातही पसरते. आता एक गोष्ट पाहा. तडतडलेल्या मोहरीत ते विकर उष्णतेने मरून गेलेले असते. म्हणजे फोडणीची मोहरी चवीला उपयोगी, राखणीला नव्हे. राखणीसाठी मोहरीची डाळ कच्चीच कुटून घातली पाहिजे, आणि तिच्यावर कढत तेल ओतता कामा नये. "फोडणी गार करून घाल" असे आपल्या आज्या सांगत त्यात मोठे शहाणपण होते.

लसूण : अख्ख्या पाकळीला उग्र वास नसतो, ती ठेचली की येतो. येथेही मोहरीसारखीच दोन द्रव्यांची गाठ पडते व ॲलिसिन तयार होते. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो व बेली या दोन शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. ॲलिसिन अनेक जंतूंना मारक आहे. पण ते नाजूक आहे, शिजवले की नाहीसे होते आणि ठेवूनही हळूहळू कमी होते. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवावी, मग वापरावी.

लवंग, दालचिनी, ओवा : लवंगेच्या तेलात मोठा भाग युजेनॉलचा असतो, दाढ दुखली की लवंगेचे तेल लावतात ते त्याच्याच गुणामुळे. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड आणि ओव्यात थायमॉल असते. जंतुनाशक म्हणून ही द्रव्ये मसाल्यांत वरच्या क्रमांकाची आहेत. टोमॅटोचा सॉस करताना लवंग-दालचिनीची पुरचुंडी सोडतात, तिचा थोडासा उपयोग याही कामी होतो.

हळद, मिरची, हिंग : यांच्याविषयी आपला विश्वास सर्वांत मोठा, आणि बरणीतले त्यांचे काम त्या मानाने लहान. हळदीतील कुरक्युमिन प्रयोगशाळेत काही जंतूंना रोखते, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे बरणीतल्या खारात त्याचा प्रभाव थोडाच पडतो. मिरची जीभ भाजते म्हणून ती जंतूंनाही भाजते असे नाही. हिंगात गंधकयुक्त द्रव्ये आहेत. निखाऱ्यावर हिंग टाकून बरणीला धुरी देण्याची रीत चांगली आहे, बरणी कोरडी होण्यासही तिने मदत होते. पण मळकट बरणी धुरीने शुद्ध होत नाही.

मर्यादा कोठे आहे?

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यावर लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला तर जंतू मरतात. असे प्रयोग वर्तमानपत्रात वाचून आपण हुरळून जातो. पण बशीतली गोष्ट वेगळी व जेवणातली वेगळी. पदार्थातील तेल व प्रथिने ही द्रव्ये आपल्यात बांधून ठेवतात. म्हणून तोच परिणाम साधण्यासाठी पदार्थात कितीतरी पट अधिक मात्रा लागते. तेवढी लवंग घातली तर ते अन्न कोणाच्याने खाववणार नाही.

दुसरी गोष्ट, मसाला स्वतःच स्वच्छ असतो असे नाही. मिरी, धने, मिरची जमिनीवर वाळतात, पोत्यांतून फिरतात. त्यांच्यावर जंतूंचे बीजाणू भरपूर असतात. दमट मिरचीत बुरशी सहज धरते. राखणदारच चोराला घेऊन घरात शिरला तर काय होणार?

१९९८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ३६ देशांतील मांसाच्या ४,५७८ पाककृती तपासून असे मांडले की, उष्ण देशांत मसाले अधिक वापरतात ते अन्नातील जंतूंपासून बचाव व्हावा म्हणून. हे मत फार गाजले. परंतु २०२१ साली दुसऱ्या संशोधकांनी ३३,७५० पाककृतींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना या मताला फारसा आधार सापडला नाही. तेव्हा "पूर्वजांनी मसाले घातले ते टिकवण्यासाठीच" असे सरसकट म्हणता येणार नाही.

खरे खांब चार

मग आपले पदार्थ वर्षभर टिकतात कसे? चार खांबांवर : मीठ, आंबट, साखर आणि कोरडेपणा. मीठ व साखर पदार्थातील पाणी बांधून ठेवतात, त्यामुळे ते जंतूंच्या उपयोगी पडत नाही. वाळवण तेच पाणी उडवून लावते. आंबटपणा जंतूंची वाढ थांबवतो.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कोकमाचे आगळ घ्या. त्यात हळद नाही, हिंग नाही, मोहरी नाही. पिकलेल्या रातांब्यांचा रस आणि भरपूर मीठ, एवढेच. तरी ते वर्षभर राहते, कारण रातांबा मुळातच अतिशय आंबट आणि त्याला मिठाची जोड. अमृतकोकमात मिठाऐवजी साखर हे काम करते. साखर कमी पडली की ते फसफसते. चिंच, लिंबू, कैरी, आवळा हीही वनस्पतींनी दिलेली राखणीची द्रव्येच आहेत, आणि लवंग-हळदीपेक्षा ती अधिक भरवशाची आहेत.

गोव्याकडील आपल्या लोकांचे उदाहरण घ्या. माडाच्या सुरेचे व्हिनेगर घालून केलेले बालशांव किंवा माशांचे 'पारा' लोणचे पुष्कळ दिवस टिकते. विंदालू हे नावच पोर्तुगीज भाषेतून आले. 'विन्यो' म्हणजे द्राक्षाची दारू आणि 'आल्यो' म्हणजे लसूण. मांस दारूत व लसणात मुरवण्याची ती रीत गोव्यात आली, आणि दारूच्या जागी माडाचे व्हिनेगर आले. तेथे लसूण आहे खरी, पण ती आंबटाच्या सोबतीला आहे, एकटी नाही. हाच धडा आपण घ्यावयाचा.

लसूण तेलात ठेवताना सावधान

लसूण आंबटाशिवाय एकटी ठेवली तर काय होते? १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात तेलात घातलेली चिरलेली लसूण बाहेरच ठेवून वापरण्यात आली. ती खाऊन ३६ जणांना बॉटुलिझम नावाची विषबाधा झाली. म्हणजे जंतुनाशक म्हणून प्रसिद्ध असलेल्या लसणीच्याच बरणीत जंतू वाढले.

कारण सोपे आहे. या जंतूचे बीजाणू मातीत असतात आणि लसूण मातीतच वाढते. साधे उकळूनही ते मरत नाहीत. तेलाखाली हवा नाही, लसणीत आंबटपणा नाही, मीठ नाही. या जंतूला हवी तशी जागा आपणच करून दिली. तेल जंतूंना मारत नाही. ते फक्त हवा अडवते. त्याने बुरशी थांबते, पण या जंतूचे फावते. आंबटपणा पुरेसा असला, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असला, तर मात्र हा जंतू वाढू शकत नाही. म्हणून लसूण, आले, ओली मिरची नुसत्या तेलात घालून कपाटात ठेवू नये. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस व मीठ घालून लोणचे करावे. नाही तर लागेल तेवढीच करून फ्रीजमध्ये ठेवावी आणि तीनचार दिवसांत संपवावी. सुकी लसणाची चटणी वेगळी. ती कोरडेपणावर टिकते.

या विषबाधेत एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होऊन मिटणे, बोलताना जीभ अडखळणे, घास गिळता न येणे अशी लक्षणे दिसतात. ताप नसतो म्हणून घरी थांबू नये. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

बुरशी खरवडून खाऊ नका

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागात मक्याच्या कणसांवर अवेळी पाऊस पडला, दाणा ओला राहिला आणि त्यावर बुरशी धरली. गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला. शेकडो लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठले आणि सुमारे शंभर माणसे दगावली. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही, आणि हळद-तिखट घातल्याने तर मुळीच नाही.

ही बुरशी शेंगदाणे, मका, सुकी मिरची व खोबरे यांवर विशेष धरते. म्हणून मिरची हातात घेऊन हलवली की बी खुळखुळले पाहिजे, इतकी वाळवावी. कुबट वासाचे दाणे चटणीत खपवू नयेत. लोणच्यावर केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचे खाणे योग्य नाही; जीव चुटपुटला तरी टाकून द्यावे.

रसायन वाईट, वनस्पती चांगली?

"आम्ही रसायन घालत नाही" असे सांगून माल विकण्याकडे कल आहे. बाजारच्या लोणच्यात सोडियम बेंझोएट असते, त्याची लोकांना धास्ती वाटते. पण बेंझोइक आम्ल प्रथम सापडले ते ऊद नावाच्या झाडाच्या डिंकात, सोळाव्या शतकात. धुपाटण्यात इतर धुपांबरोबर घालतात तोच हा सुवासिक ऊद. हल्ली ते कारखान्यात बनवतात, पण द्रव्य तेच. कायद्याने ठरवलेल्या मात्रेत ते वापरण्यास परवानगी आहे, आणि तेही आंबट पदार्थातच नीट काम करते. तेव्हा वनस्पतीचे म्हणून निर्धोक आणि कारखान्याचे म्हणून विष, असा हिशेब करू नये. किती, कशात व कशाच्या जोडीने, हे विचारावे. विक्रीसाठी माल करणाऱ्या भगिनींनी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालील नोंदणी करून घ्यावी, आणि अंदाजाने चिमूटभर काही टाकू नये.

एक किलो कैरीचे लोणचे : राखणीच्या दृष्टीने

(१) कैऱ्या आंबट, करकरीत व न डागलेल्या घ्याव्यात. धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या करून मग फोडी कराव्यात.

(२) एक किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ वजन करून घ्यावे. मीठ तव्यावर परतून कोरडे करावे. हळद २० ग्रॅम लावून फोडी काही तास ठेवाव्यात.

(३) मोहरीची डाळ ५० ग्रॅम कच्चीच कुटावी. उकळून गार केलेले दोनतीन चमचे पाणी घालून फेसावी, नाकात चढू लागली की दहा मिनिटांनी एका लिंबाचा रस घालावा. प्रथम ओलावा, मग आंबट. असे केल्याने झणका पुरा उतरतो.

(४) मेथी १० ग्रॅम व हिंग तेलात तळून कुटावे. मिरचीपूड ५० ग्रॅम, कडक वाळलेल्या मिरचीची, घ्यावी.

(५) तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करावे. सर्व कालवून बरणीत दाबून भरावे, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. वर बोटभर तेल तरंगले पाहिजे. फोडी तेलाच्या वर डोकावू लागल्या की बुरशीला दार उघडले असे समजावे.

(६) बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. काढताना चमचा कोरडा असावा. रोजच्या वापरासाठी लहान बरणी वेगळी ठेवावी, मोठी वारंवार उघडू नये.

गटातून विक्री करणाऱ्यांनी प्रत्येक घाणीची पीएच कागदाने परीक्षा करावी. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात हा कागद मिळतो; शाळेतील विज्ञानाचे शिक्षक तो वापरण्याची रीत दाखवतील. आकडा ४ च्या खाली असावा. अधिक आला तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वाढवावे.

रक्तदाबाच्या रोग्याचे काय?

हा प्रश्न खरा आहे, कारण आपल्या घरांत रक्तदाबाचा त्रास पुष्कळांना असतो. त्याचे उत्तर असे : रोग्याने लोणचे कमी खावे, लोणच्यातले मीठ कमी करू नये. कमी मिठाचेच हवे असेल तर लिंबाचा रस भरपूर घालून पावशेर-अर्धा किलो एवढेच करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि आठवड्याभरात संपवावे. ते ताजे लोणचे झाले, साठवणीचे नव्हे. दोहोंची गल्लत केली की घात होतो.

थोडक्यात सांगावयाचे तर मीठ, आंबट, साखर आणि कोरडेपणा हे घराच्या भिंती होत. मोहरी, लसूण, लवंग हे दारावरचे राखणदार. राखणदार जरूर ठेवावेत, त्यांनी घराला वासही चांगला येतो. पण भिंती पाडून केवळ राखणदारावर विसंबू नये. या मोसमात बरणी भरण्यापूर्वी हातात तराजू घ्या, मीठ मोजा, कैरीचा आंबटपणा पाहा, आणि मग हवी तेवढी हळद-मोहरी घाला. पुढच्या पावसाळ्यात झाकण उघडाल तेव्हा आतले लोणचे तुमच्या मुलांना निर्धास्तपणे वाढता येईल.